थकल्या हातांनाही लागेल असं दार : गोव्यातल्या घरात लपवायच्या जागा आणि सुरक्षित खोली

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये माझी आई स्वतःच्याच खोलीत पाऊण तास अडकून पडली. चूक सर्वस्वी माझी होती. घरात ती दिवसभर एकटी असते, म्हणून मे महिन्यात मी तिच्या खोलीच्या दाराला वर एक आणि खाली एक असे दोन दणकट टॉवर बोल्ट बसवून घेतले होते. जुलैत एका दुपारी वीज गेली, पाऊस कोसळत होता आणि मागच्या दाराकडे कसला तरी आवाज आला. आईने शिकवल्याप्रमाणे दार ओढून बोल्ट सरकवले. पण मे महिन्यात अलगद लागणारं ते दार पावसात फुगलं होतं. तिने अंगाचा भार देऊन ते लावलं, आणि नंतर उघडायला गेली तर खालचा बोल्ट जागचा हलेना. संधिवाताने वाकलेली तिची बोटं त्या गोल मुठीवरून पुन्हा पुन्हा सटकत होती. शेजारच्या काकींनी खिडकीतून तिला धीर दिला आणि मी येईपर्यंत तिच्याशी बोलत उभ्या राहिल्या. मागच्या दाराकडचा आवाज वाऱ्याने पडलेल्या माडाच्या झावळीचा होता.

तेव्हापासून घराच्या सुरक्षेचा विचार मी दुसऱ्या टोकाकडून करतो. घरातलं सगळ्यांत थकलेलं माणूस कोण? ही व्यवस्था त्याला एकट्याला, अंधारात, हात कापत असताना वापरता येईल का? पुढे जे लिहिलं आहे ते याच कसोटीवर घासून घेतलेलं आहे. गोव्यातल्या कितीतरी वाड्यांवर आज घरात फक्त म्हातारे आई-वडील आहेत. मुलं आखातात, बोटीवर, नाहीतर पुण्या-मुंबईला. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी वेगळ्या करा. लपवायची जागा ही तुम्ही घरात नसतानाची सोय. सुरक्षित खोली ही तुम्ही घरात असतानाची. या दोन्ही एकाच ठिकाणी कधीही करू नका. आपल्याकडे गोदरेजचं कपाट असतं ते बहुधा आई-वडिलांच्याच खोलीत. सोनं त्या कपाटात आणि माणसंही त्याच खोलीत दार लावून बसलेली, म्हणजे चोराला ते दार फोडायचं कारण आपणच दिलं. माणसं एकीकडे, ऐवज दुसरीकडे. आमच्याकडे सगळ्यांत पहिलं काम केलं ते कपाट आईच्या खोलीतून मधल्या खोलीत हलवण्याचं.

आधी घराभोवती एक फेरी मारा

दिवेलागणीच्या वेळी घराभोवती सावकाश फिरा, वही-पेन्सिल घेऊन. पुढचं दार आपण सागवानाचं, कोरीव, तीन कड्यांचं करतो. मागचं स्वयंपाकघराचं किंवा न्हाणीकडचं दार मात्र जुन्या फळ्यांचं आणि एका खिट्टीवर असतं. पाहायचं ते हेच दार. माडावर किंवा छपरावर चढायची शिडी भिंतीला टेकून उभी असेल तर ती आडवी करून साखळीने खांबाला बांधा आणि कुलूप घाला. पिकास, कोयता, कुऱ्हाड, पहार उघड्या मांगरात ठेवू नका; घर फोडायला लागणारी हत्यारं बहुतेक परसातच सापडतात. आंब्याची किंवा फणसाची फांदी कौलांवर आली असेल तर पावसाआधी छाटा.

मंगळुरी कौलांचं छप्पर हेही एक दारच आहे हे विसरू नका. चार-सहा कौलं हाताने बाजूला सरकवली की माणूस आत उतरतो. पूर्ण छपराखाली जाळी मारणं खर्चिक असतं आणि ते सगळीकडे करायची गरजही नाही. कुठल्या एका खोलीवर ती हवीच, ते पुढे सांगतो.

आणि किल्ली. तुळशी वृंदावनाचा कोनाडा, चपलांचं फडताळ, मीटरचा डबा, कुंडीखाली, चौकटीवर: या पाचही जागा सगळ्या गावाला ठाऊक आहेत. जास्तीची किल्ली ठेवायची तर विश्वासाच्या शेजाऱ्याकडे, आणि तिच्यावर घराचं नाव लिहायचं नाही.

काय लपवायचं आणि काय घरात ठेवायचंच नाही

वर्षातून दोनदा अंगावर येणारे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये जाऊ द्या. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यामुळे लॉकरमधलं काही गेलं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. म्हणजे भाडं दोन हजार असेल तर दोन लाखांपर्यंत. पूर-भूकंपासारख्या नैसर्गिक संकटात ती जबाबदारी नसते. हा आकडा पाहून सगळं सोनं एकाच लॉकरमध्ये ठेवायचं की दोन ठिकाणी, हे ठरवा. लॉकरला नॉमिनी लावलेला आहे ना, तेही पाहा.

प्रत्येक दागिन्याचा मोबाइलवर फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. वजन लिहा. एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असावाच लागतो. तो भिंगाने वाचून वहीत उतरवा. जुन्या दागिन्यांवर तो नसेल, तिथे फोटो आणि वजनच कामाला येतं. ही वही आणि फोटो घराबाहेरच्या एका माणसाकडेही हवेत, नाहीतर वहीसुद्धा कपाटाबरोबरच जायची.

कागदपत्रांचं थोडं निराळं आहे. जमिनीचा एक-चौदाचा उतारा पुन्हा काढता येतो. आधार, वाहन परवाना यांच्या डिजिलॉकरमधल्या प्रती मूळ कागदाच्या बरोबरीने चालतात. पण पोर्तुगीज अमदानीतले दस्तऐवज, जुनी खरेदीखतं, वाटणीचे कागद यांची किंमत चोराला शून्य आणि तुम्हाला घराएवढी. ते स्कॅन करून घ्या आणि मूळ प्रती लॉकरमध्ये ठेवा. त्यांना प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नका. जुना कागद त्यात खराब होतो आणि पुन्हा सोडवता येत नाही.

घरात राहिलं काय? रोजच्या वापरातलं चार-पाच तोळे सोनं, थोडी रोकड, जास्तीच्या किल्ल्या. तेवढ्यासाठीच जागा करायची आहे.

लपवायच्या जागा

कपाटातला चोरकप्पा, गादीखाली, तांदळाचा डबा, पिठाचा डबा, फ्रीजर, देव्हाऱ्यातला खण, देवाच्या तसबिरीमागे, संडासाच्या टाकीत. हे सगळं वर्ज्य. घर उलथंपालथं करणाऱ्याचा हात आधी इथेच जातो. परसात किंवा कुळागरात पुरून ठेवणं तर पूर्ण चुकीचं: ओली माती, वाळवी, घुशी, आणि दहा वर्षांनी नेमकी कुठल्या पोफळीखाली ते कुणालाच आठवत नाही.

चोरापेक्षा इथे मोठा शत्रू दमट हवा. वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आपल्याकडे, आणि भिंतीचा चिरा, म्हणजे जांभा दगड, पाणी शोषून घेतो. माझ्या काकीने मधल्या भिंतीतल्या कोनाड्यात, फळीमागे, पाचशेच्या नोटांची एक पुडी ठेवली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून. गणेश चवथीला काढायला गेली तर पुडीच्या एका बाजूला मातीची बारीक नळी चढलेली, आणि आतल्या नोटांना चाळणीसारखी भोकं. बँकेत नेल्यावर नियम कळला: पन्नास रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सलग तुकडा ८० टक्क्यांहून जास्त शिल्लक असेल तर पूर्ण रक्कम, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी, त्याखाली काहीच नाही. काकीला साधारण अर्धे पैसे परत मिळाले.

म्हणून कुठलीही जागा नक्की करण्याआधी ही परीक्षा घ्या. पावसाळ्यात एक फूटभर प्लास्टिकचा चौकोन त्या जागेच्या फरशीला किंवा भिंतीला चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर भिंत किंवा जमीन ओल सोडते आहे. ती जागा सोडा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेली कुठलीही जागा मी तर परीक्षा न घेताच सोडतो.

*स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांखालची पट्टी.* माझ्या मते सर्वांत चांगली जागा, आणि कुठलीही तोडफोड न करता होणारी. ट्रॉल्यांची कपाटं पायांवर उभी असतात आणि पुढे साधारण चार इंच उंचीची पट्टी लावलेली असते. तिच्या मागे फूट-दीड फूट खोल पोकळी रिकामीच असते.

सिंकपासून आणि गॅसच्या नळीपासून सर्वांत दूरचं कपाट निवडा. पट्टी बहुधा पायांना क्लिपने अडकवलेली असते. एका टोकाकडून ओढली की सुटते. मागे टॉर्च मारून पाहा: मुंग्या, झुरळं, ओल, वाळवीच्या नळ्या. साफ करून वरची प्लास्टिकची परीक्षा घ्या. पट्टी अखंड असेल तर ती दोन कपाटांच्या सांध्याच्या रेषेतच कापा; दुसरीकडे कापली की चीर डोळ्यात भरते. कापलेल्या तुकड्याला मागून दोन चुंबकी कॅच लावा. त्या पोकळीत जाईल असा झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, उंची पावणेतीन इंचांहून जास्त नको, आणि तो जमिनीवर थेट न ठेवता दोन रबरी पट्ट्यांवर ठेवा, म्हणजे लादी पुसताना आत गेलेलं पाणी खालून निघून जाईल. डब्याला सुतळीचा एक फास बांधला की आतवर हात घालावा लागत नाही. पट्टी काढायला आरशाला लावतो तसला व्हॅक्यूमचा हुक वापरा आणि तो दुसऱ्याच खोलीत ठेवा.

एक बारीक गोष्ट. रोज लादी पुसली की पट्टीच्या खालच्या कडेला मळाची एक फिकट रेघ बसते. तुम्ही एक तुकडा काढून लावला की तेवढ्याच तुकड्याची रेघ तुटते, आणि बसून पाहिलं तर ते दिसतं. प्रत्येक वेळी उघडल्यावर सगळी पट्टी एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ओल्या फडक्याने पुसून घ्या.

पण या जागेला जमिनीवर बसावं लागतं. आईला ते जमत नाही, म्हणून ही जागा माझी आणि बायकोची. आईच्या पाटल्या इथे नाहीत.

*दुहेरी तळाचा खण.* हा कमरेच्या उंचीवर होतो, म्हणून वडीलधाऱ्यांसाठी हाच बरा. खोल खण घ्या, आतून सात-आठ इंच तरी. उथळ खणात दोन इंच गेले की आतली आणि बाहेरची खोली जुळत नाही हे नुसत्या नजरेला कळतं. खणाच्या आत चारी बाजूंनी तळापासून दीड इंचावर बारीक लाकडी पट्ट्या चिकटवा. त्यांवर सहा मिलिमीटरचा प्लाय बसेल असा कापा, चारी बाजूंनी एक-दीड मिलिमीटर सैल, कारण पावसात तो फुगणार. वर जुना तळ दिसतो तसाच कागद किंवा सनमायका. उचलायला मागच्या कडेला कापडी फितीचं एक टोक कागदाखालून बाहेर ठेवा. चिमटीत धरता आलं की पुरे. खणाखाली भोक पाडून पेन्सिलने ढकलायची युक्तीही चालते, पण आईच्या मनगटाला ती जमली नाही. आतली वस्तू सुती कापडात गुंडाळा, खण ओढताना खुळखुळता कामा नये. वर चादरी, अभ्रे. हा खण सुरक्षित खोलीत नको, एवढं लक्षात असू द्या.

*बिनपाण्याचा पाइप.* कोठीच्या खोलीत किंवा जिन्याखाली आधीच पीव्हीसीचे पाइप दिसत असतील तर त्यांच्या शेजारी चार इंची पाइपाचा एक उभा तुकडा, साफसफाईसाठी झाकण असलेला जोड मध्ये घालून, क्लिपांनी भिंतीला लावा. वरचं टोक कोपरा देऊन भिंतीला भिडवा, म्हणजे पाइप कुठेतरी जातो आहे असं वाटतं. बांगड्या-पाटल्या कापडाच्या गुंडाळीत सहज मावतात. झाकणाच्या जोडाला सोल्युशन लावायचं नाही. कागद आणि नोटा इथे नकोत.

चांदी वर्तमानपत्रात किंवा रबर बँड लावून ठेवू नका, काळी पडते. सुती कापड, त्यावर झिपची पिशवी, आत सिलिका जेलची पुडी. पुडी दर दोन-तीन महिन्यांनी बदला. प्रत्येक जागा महिन्यातून एकदा उघडून पाहायचीच, वाळवीसाठी.

उघड्यावर एक फसवा डबाही असू द्या: कपाटात, सहज सापडेल असा, त्यात दोन-तीन हजार रुपये आणि बेन्टेक्सचे चार दागिने. घाईत असलेला माणूस तेवढं उचलून निघण्याचा संभव असतो.

सुताराकडून कपाट करून घ्या, पण शेवटचा काप आणि चुंबक स्वतः लावा. आमच्या मेस्तांवर माझा पूर्ण विश्वास आहे. तरीही ज्याला ठाऊक नाही त्याच्यावर पुढे कधी संशयही येत नाही, आणि हे त्यांच्याही भल्याचं आहे. घरातल्या किमान दोघांना प्रत्येक जागा माहीत हवी. एकट्यानेच लपवलेलं सोनं माणसाच्या विसरण्याबरोबर हरवतं. आमच्याकडे परदेशातल्या बहिणीला व्हिडिओ कॉलवर प्रत्यक्ष उघडून दाखवलं. मेसेजमध्ये काहीच लिहिलं नाही.

सुरक्षित खोली

चांदोरला एक जुना वाडा आहे, त्यात हल्ला झाला तर लपायला तळघर, त्याच्या भिंतीत बंदुकीसाठी भोकं आणि नदीकडे जाणारी चोरवाट पाहायला मिळते. आपल्याला यातलं काही करायचं नाही. आपल्या खोलीचं काम एकच: पोलीस आणि शेजारी येईपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं दार टिकलं पाहिजे.

खोली निवडताना मजबुती दुसरी पाहा. पहिली गोष्ट, घरातलं सगळ्यांत थकलेलं माणूस रात्री झोपतं कुठे? तीच खोली. रात्री दोन वाजता वडिलांना आधार देत ओसरी ओलांडून दुसऱ्या खोलीत नेता येणार नाही. बाकीच्यांनी त्यांच्याकडे धावायचं. जोडून संडास-न्हाणी असेल तर उत्तम. बऱ्याच जुन्या घरांना मागे नंतर बांधलेली एक स्लॅबची खोली असते. आई-वडिलांची झोपायची जागा तिथे हलवता आली तर कौलांचा प्रश्नच मिटतो. ते शक्य नसेल तर त्या एका खोलीवर, कौलांखाली, वाशांना बोल्टने बांधलेली लोखंडी सळ्यांची जाळी घाला, दहा-बारा मिलिमीटरच्या सळ्या पाच इंचांवर. जिप्समचं सिलिंग संरक्षण देत नाही.

सखल भागात, ओढ्याकाठी घर असेल तर आणखी एक विचार करा. जुलै २०२१च्या पुरात सत्तरी-डिचोलीकडे कित्येक घरांत पाणी शिरलं. तळमजल्यावरच्या खोलीला बाहेर पडायची दुसरी वाट नसेल तर अशा वेळी तीच खोली सापळा होते.

आता दार. लाथ बसते तेव्हा फळी क्वचितच फुटते. फुटते ती चौकट, जिथे कडी अडकते तिथे. म्हणून पैसे खर्च करायचे तर चौकटीवर.

दार ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर आत खोक्याची जाळी आहे, ते बदला. भरीव फ्लश डोअर, ३५ मिलिमीटर जाडीचं घ्या. न्हाणीचं पीव्हीसी दार कामाचं नाही. चौकटीला दोन्ही बाजूंनी तीन-तीन होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, हवेत, आणि ते चिऱ्यात नुसते ठोकलेले नकोत. चिरा ठिसूळ आणि भोकाभोकांचा. त्यात फुगणारे अँकर बोल्ट आज घट्ट वाटतात आणि दोन पावसाळ्यांनी हाताने हलतात. प्रत्येक होल्डफास्टपाशी सहा इंचांचा खड्डा काढून काँक्रीट भरून घ्या, आणि सात दिवस पाणी मारा. आमच्याकडे गवंडी तीन दिवसांनी दार लावायला निघाला होता, थांबवला.

कडी जिथे अडकते त्या पट्टीला साधारण एक इंची स्क्रू असतात. ते काढून अडीच-तीन इंची स्टेनलेसचे लावा, म्हणजे चौकटीच्या पूर्ण जाडीत शिरतील. दहा मिनिटांचं काम आहे. या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. बिजागऱ्या चार, पाच इंची, स्टेनलेसच्या. समुद्राकडच्या गावात, कळंगुट, काणकोणकडे, साधं लोखंड खारट हवेने गंजतं. दाराला लोखंडी पत्रा मारायचा विचार मीही केला होता. सव्वा मिलिमीटरचा पत्रा, सात बाय तीन फुटांचं दार, म्हणजे जवळजवळ वीस किलो वजन वाढलं. आईला ते दार ढकलता आलं नसतं. सोडून दिलं.

कडीबद्दल मी आता ठाम आहे. तरुण माणसं असलेल्या घरात लाकडी आगळ उत्तम: दाराच्या दोन्ही बाजूंना चौकटीत लोखंडी कोंडे, त्यांत आडवी बसणारी दोन इंच जाडीची सागवानी पट्टी, साडेतीन फुटांवर. आगळीसारखी मजबूत गोष्ट नाही. पण वयस्क माणूस एकटं राहत असेल तर आगळ नको. त्यांना चक्कर आली, छातीत दुखलं, तर बाहेरून कुणाला आत जाता आलं पाहिजे. तिथे आतून मूठ फिरवायची आणि बाहेरून किल्लीची, अशी चांगली कुलूप-कडी लावा आणि बाहेरची किल्ली शेजाऱ्याकडे द्या. आमच्याकडे तेच आहे. मूठ गोल नको, चपटी आणि लांब हवी, मनगटाने फिरेल अशी. जमिनीलगत किंवा डोक्यावर काहीही नको. सगळं कमरेपासून छातीपर्यंत.

आणि दार पावसात तपासा. मे महिन्यात चौकट आणि दारात तीन मिलिमीटरची फट राहू द्या, कडांना, वरच्या-खालच्या टोकांनासुद्धा, रंगाचे दोन हात मारा. उघडं लाकूड पाणी पितं ते या न रंगवलेल्या टोकांतून. आमचं दार फुगलं ते खालून. ती कड कुणी रंगवलीच नव्हती.

खिडकीला गजांमधलं अंतर चार इंचांहून जास्त नको आणि गज भिंतीत गाडलेले हवेत, बाहेरून स्क्रूने लावलेले नकोत. पण खोलीतल्या एका खिडकीचं ग्रिल आतून उघडणारं असलंच पाहिजे. आग लागली तर तीच वाट. तिची किल्ली खिडकीपासून हातभराहून जास्त अंतरावर, बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्यावर. खोली हवाबंद करायची नाही, आत शेगडी किंवा इन्व्हर्टरची बॅटरी ठेवायची नाही.

खोलीत काय ठेवायचं

सोळाव्या शतकात केळशी, वेर्णे, कुठ्ठाळीहून आपल्या पूर्वजांनी देव हलवले, जुवारी नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, आणले. देवळं मागे राहिली. हातांनी उचलता येतं तेवढंच त्यांनी बरोबर घेतलं. खोलीतली पिशवी भरताना मला ते आठवतं. चार लिटर पाणी, दोन दिवसांची औषधं, जास्तीचा चष्मा, टॉर्च, शिट्टी, चार्ज केलेली पॉवर बँक आणि बटणांचा एक जुना फोन, ज्यात सिमकार्ड आहे आणि जो दर रविवारी चार्ज होतो. मे २०२१मध्ये तौक्ते वादळानंतर कित्येक ठिकाणी दिवसेंदिवस वीज नव्हती, हे लक्षात घेऊन. जोडून न्हाणी नसेल तर झाकणाचं एक भांडं.

चिऱ्याच्या जाड भिंतींत मोबाइलची रेंज मरते. खोलीचं दार-खिडकी लावून प्रत्यक्ष फोन लावून बघा. लागत नसेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम, किंवा राउटर इन्व्हर्टरवर घेऊन वायफाय कॉलिंग.

आमच्याकडची सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी वस्तू म्हणजे बिनतारी दारघंटी. बटण आईच्या पलंगाशेजारी, घंटी शेजारच्या काकींच्या माजघरात. तशीच एक उलट, त्यांचं बटण, आमची घंटी. पाकिटावर लिहिलेल्या अंतरावर विश्वास ठेवू नका, मधल्या भिंतींनी ते निम्म्यावर येतं. दुकानातून आणल्या दिवशीच तपासा, चालली नाही तर बदलून घ्या.

दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवा. त्यावर ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर, शेजाऱ्यांचे दोन नंबर, आणि घराचा पत्ता: घर क्रमांक, वाडा, पंचायत, मुख्य रस्त्यावरून कुठे वळायचं, जवळचं देऊळ किंवा खुरीस (क्रूस). आपल्याकडे घर क्रमांक ओळीने नसतात, आणि घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही. कागदाशेजारी पुढच्या दाराची एक किल्ली, चमकणाऱ्या पट्टीच्या गोळ्याला बांधलेली: पोलीस आले की खिडकीतून त्यांच्याकडे टाकायची, म्हणजे तुम्हाला खोलीबाहेर यावं लागत नाही.

सराव

घरातल्यांचा एक शब्द ठरवा, रोजच्या बोलण्यात खपेल असा. आमचा आहे "दूध उतू गेलं". तो ऐकला की प्रश्न न विचारता सगळे आईच्या खोलीत. आधी दार, मग घंटी, मग ११२. फोनवर आधी पत्ता, मग किती माणसं घरात आहेत, मग काय ऐकू येतं. बोलता येत नसेल तर फोन चालूच ठेवा. अनेक फोनांत बाजूचं बटण लागोपाठ दाबून ११२ लागतो. तुमच्या फोनात ते कसं चालतं ते सेटिंगमध्ये पाहून आईच्या बोटांनी तीनदा करून घ्या.

दोनदा दिवसा, एकदा रात्री दिवे बंद करून हे करून पाहा, घड्याळ लावून. आम्हाला पहिल्यांदा दोन मिनिटं लागली, कारण आई चपला शोधत बसली. आता चपला पलंगाखाली ठराविक लादीवर असतात.

चोर समोरच उभा ठाकला, खोलीपर्यंत पोचता आलं नाही, तर मागेल ते देऊन टाका. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३४पासून पुढे तो सांगितला आहे, पण तो जीव वाचवण्यासाठी वापरायचा. पाटल्यांसाठी आईला कुणी धक्का दिलेला मला चालणार नाही. खोलीत असाल तर बाहेर शांतता झाली म्हणून दार उघडू नका. ओळखीचा आवाज, किंवा ११२ वरून पोलीस पोचल्याचं कळलं, मगच.

बाहेर आल्यावर कशालाही हात लावू नका, झाडलोट तर नकोच. कपाटाच्या मुठीवरचे ठसे तुमच्या फडक्याने जातील. दागिन्यांची वही काढा आणि तक्रारीत वजन व क्रमांक त्यातूनच सांगा. बाहेरगावी जाताना, विशेषतः चवथीला पर्वरी-पणजीचे फ्लॅट बंद करून सगळे गावी जातात तेव्हा, प्रवासाचे फोटो सोशल मीडियावर परत आल्यावरच टाका.

दरवर्षी जुलैचा दुसरा रविवार आमच्याकडे या कामाचा. ट्रॉल्यांखालची पट्टी, खण, पाइप उघडून पाहायचे, पुड्या बदलायच्या, घंटीच्या बॅटऱ्या बदलायच्या, दाराची खालची कड हात फिरवून पाहायची. मग आई एकटी आत जाते, दार लावते आणि पुन्हा उघडते. यंदा दार थोडं घासत होतं. मेस्तांनी खालून रंधा मारला, मी कडेला रंग दिला, आणि दुसऱ्या दिवशी तिने परत लावून पाहिलं.